विद्यापीठीय फुटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद : २००६ चा रोझ बोल सामना

अमेरिकेत 'फुटबॉल' या शब्दाने आपल्याकडील फुटबॉल अभिप्रेत नसतो. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा वा फेकण्याचा तो खेळ असून, दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघास चार प्रयत्न मिळतात. पुढील विवेचनासाठी एवढे पुरेसे आहे.

या खेळातील सर्वोच्च श्रेणीचे अजिंक्यपद 'एनसीएए' ही नियामक संस्था स्वतः देत नाही, हे ऐकून नवल वाटते. दीर्घकाळ क्रीडापत्रकार व प्रशिक्षक यांच्या मतचाचण्यांवरून विजेता ठरे. साहजिकच काही वर्षी दोन विजेते निघत. १९९८ पासून मतचाचण्या व संगणकीय गुणांकन यांच्या आधारे पहिले दोन संघ निवडून त्यांचा सामना खेळविण्यात येऊ लागला. तरीही २००३ च्या हंगामात लुइझियाना स्टेट आणि सदर्न कॅलिफोर्निया असे दोन मानकरी राहिलेच.

४ जानेवारी २००६ रोजी पासाडिना येथे झालेल्या सामन्याबाबत असा वाद नव्हता. सदर्न कॅलिफोर्नियाने लागोपाठ ३४, तर टेक्सासने १९ सामने जिंकले होते. अखेरची सुमारे सात मिनिटे उरली असता सदर्न कॅलिफोर्निया ३८-२६ असा पुढे होता. टेक्सासने अंतर ३८-३३ वर आणले. त्यानंतर चौथ्या प्रयत्नात दोन यार्डांची गरज असताना चेंडू दूर लाथाडण्याऐवजी धावण्याचा निर्णय झाला आणि तो फसला. विशेष म्हणजे त्या वर्षीचा हाइजमन पारितोषिक विजेता रेजी बुश त्या क्षणी मैदानाबाहेर होता. १९ सेकंद शिल्लक असताना व्हिन्स यंगने स्वतः धावत जाऊन गुण मिळविले. टेक्सास ४१-३८ असा विजयी झाला.

सामन्याचा उत्तरार्ध कागदोपत्री खेळला गेला. बुश व त्याच्या कुटुंबियांनी व्यावसायिक हितसंबंधियांकडून पैसे व सवलती स्वीकारल्याच्या कारणावरून २०१० मध्ये एनसीएएने विद्यापीठाचे त्या हंगामातील विजय रद्द ठरविले. बुशने पारितोषिक परत केले. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्यास त्यांना मुभा मिळाली. २०२४ मध्ये बुशला पारितोषिक पुन्हा देण्यात आले. रद्द झालेले विजय मात्र त्या निर्णयाने परत आले नाहीत. बुशचे वर्तन आजच्या नियमांत सहज बसले असते, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. परंतु ज्या नीतिकल्पनेवर ती शिक्षा आधारलेली होती, ती कल्पनाच आता ढासळली आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने दुसरी बाब अधिक निकडीची आहे. बाद फेरीत २०१४ च्या हंगामापासून चार आणि २०२४ पासून बारा संघ घेतले जाऊ लागले. परिणामी ओहायो स्टेटला २०२४ च्या विजेतेपदासाठी सोळा सामने खेळावे लागले. अंतिम सामना २० जानेवारी २०२५ रोजी झाला, तेव्हा अनेक विद्यापीठांत नव्या सत्राचे वर्ग सुरू झालेले होते.