नोकरीतले शिक्षण (लेखांक पाचवा) : न्याहारीच्या मेजावरची विद्या

जीन लेव्ह आणि एत्येन वेंगर यांनी १९९१ साली मांडलेल्या व्यवसाय-समुदायाच्या कल्पनेचा, म्हणजे एकच काम करणाऱ्यांत कोणाच्याही हुकमावाचून जुळून आलेल्या आणि नवख्याला हळूहळू काठावरून आत ओढून घेणाऱ्या मंडळीचा, परिचय मागील लेखांकात झाला. वरिष्ठांनी कामाची रीत बदलण्याचा संकल्प सोडला म्हणजे या कल्पनेची खरी परीक्षा होते. आणि अशा परीक्षेचे उत्तम उदाहरण, ज्या कंपनीच्या नावाच्या पाट्या आपल्याकडे कोर्टकचेऱ्यांच्या आवारात पावलोपावली दिसतात, त्या झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील दुरुस्ती खात्यात सापडते.

ज्यूलियन ऑर हा त्याच कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातला मानववंशशास्त्रज्ञ. या शास्त्राचे पंडित एरवी दूरच्या बेटांवरील कुलाचार टिपण्यात हयात घालवतात. याने दुरुस्तीवाल्या तंत्रज्ञांबरोबर गिऱ्हाइकांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या आणि जे पाहिले ते १९९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कंपनीच्या दप्तरी हे काम अगदी सरळ होते : यंत्राने दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखवावा, तंत्रज्ञाने पुस्तिकेतील ते पान काढावे, होय-नाहीच्या फाट्यांनी पुढे सरकत सांगितलेला सुटा भाग बदलावा आणि पुढच्या तक्रारीकडे निघावे. यंत्रे बापडी पुस्तिका वाचून बिघडत नसत.

एके ठिकाणी यंत्र स्वतःच्या दोषाची जी वर्दी देत होते ती प्रत्यक्ष बिघाडाशी जुळेना. पुस्तिकेबरहुकूम केलेले उपाय थकले, बोलावलेल्या विशेषज्ञाचीही मती गुंग झाली. यंत्र उचलून दुसरे बसवण्याची मुभा होती. पण त्यात गिऱ्हाइकापुढे आणि कंपनीपुढे पत जाणार. तेव्हा तंत्रज्ञ आणि विशेषज्ञ असे दोघे त्या यंत्रापाशीच, पूर्वी कोठे कोणत्या यंत्राने कसा दगा दिला होता याच्या हकीकती एकमेकांना सांगू लागले. एक हकीकत, मग एक चाचणी, तिच्यावरून आठवलेली दुसरी हकीकत, असे करता करता विस्कळीत लक्षणांची संगती लागली आणि बिघाड हाती आला. अशा हकीकती मग न्याहारीला जमणाऱ्या सोबत्यांत फिरत. हजेरीपटाला या न्याहारीचा पत्ता नव्हता.

सुधारणा करायची म्हणून संशोधन केंद्राने आधी दोषनिदान करणारी संगणकीय प्रणाली सिद्ध केली. तंत्रज्ञांना तिचे अगत्य वाटेना, कारण तिला जे कळत होते ते त्यांना ठाऊकच होते. त्यांचे अडत असे ते पुस्तिकेबाहेरच्या बिघाडांपाशी. मग ‘युरेका’ या नावाची जी योजना १९९० नंतरच्या दशकात प्रथम फ्रान्समध्ये रुजली, तीत युक्ती तंत्रज्ञानेच लिहावी, जाणत्या सोबत्यांनी ती तपासावी आणि खरी ठरल्यास लिहिणाऱ्याच्या नावानिशी सर्वांना खुली करावी, असा शिरस्ता ठरला. युक्तीमागे रोख इनाम द्यावे अशी कल्पना निघाली, तेव्हा खुद्द तंत्रज्ञांनीच ती नापसंत केली; पैसा आला की दर्जा बाजूला राहून संख्येचा हिशेब सुरू होईल, हे त्यांचे म्हणणे. मला तर या साऱ्या प्रकरणात ही नापसंतीच सर्वांत मोलाची वाटते. परिपत्रक काढावे, शिबिर भरवावे, प्रमाणपत्रे वाटावीत आणि बदल झाला असे वर कळवावे, या आपल्या परिचित मामुलात, ज्याला शिकवायचे त्याची इभ्रत कशात आहे ही चौकशी कोठेच येत नाही. येथे ती झाली. आणि उपयुक्त युक्त्या देणारा एक तंत्रज्ञ सभेत आला तेव्हा सहकाऱ्यांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला.

अर्थात कामाच्या जागी माणसे एकत्र आली की विद्या आपोआप वाहते, असा समज कोणी करून घेऊ नये. लेव्ह आणि वेंगर यांच्याच पुस्तकात अमेरिकेतील मोठ्या दुकानांतील खाटकांचे शिकाऊ उमेदवार भेटतात : मांस गुंडाळण्याचे त्यांचे यंत्र अशा जागी मांडलेले, की पलीकडे कसबी हात सुरी कशी चालवतात हे त्यांना दिसतच नसे. ही मांडणी कोणाच्या सोयीची होती, याचा तपशील पुढील लेखांकी.