परदेशी विद्यार्थी मुंबईच्या वस्तीत काय शिकतात?

मैत्रिणींनो, शहरातल्या वस्त्या कशा सुधाराव्यात हे शिकायला परदेशातल्या विद्यापीठांची मुलंमुली मुंबईत येतात. २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे विद्यार्थी धारावीत आले होते. धारावी नव्याने बांधायची तर तिथे राहणाऱ्यांचं काय होईल, याचा त्यांनी अभ्यास केला. या कामात मुंबईची स्पार्क ही संस्था सोबत होती.

हीच संस्था १९८४ पासून भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांसोबत काम करत आली. त्यातूनच ‘महिला मिलन’ उभी राहिली. या बायकांकडून शिकण्यासारखं काय आहे, ते बघा.

पहिलं, मोजणी. १९८५ साली फुटपाथवरची घरं हटवण्याचा खटला सुप्रीम कोर्टात गाजत होता. तेव्हा वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी झाली. आकडा हातात आला, तसं सरकारशी बोलायला बळ आलं.

दुसरं, बचत. रोजच्या कमाईतून जमेल तेवढे पैसे बाजूला टाकायचे, हे आपल्यासारखंच.

तिसरं, घराचा नकाशा. बायकांनी साडीने लांबी-रुंदी मोजून घराचा नमुना ठरवला: १४ फूट उंची आणि वर पोटमाळा, म्हणजे छोट्या जागेतही संसार मावेल.

पुढे या बायका दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांमध्ये जाऊन आल्या आणि तिथल्या बायकाही इकडे आल्या. म्हणजे शिकणं दोन्ही बाजूंनी झालं.

आपल्या गावातही कॉलेजची मुलं माहिती विचारायला येतात. आपण मजुरी बुडवून त्यांच्याशी बोलतो, पण त्या माहितीचं पुढे काय झालं हे आपल्याला कळत नाही. म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत एवढं ठरवून घ्या:

• कोणतं कॉलेज, किती दिवस, माहिती कशासाठी, हे आधी विचारा.
• आधार, बँक पासबुक किंवा कुणाच्या कर्जाची नोंद देऊ नका.
• विचारल्याशिवाय फोटो नाही.
• अहवालाची एक प्रत मराठीत मागा.
• जाण्याआधी बैठकीत येऊन काय दिसलं ते सांगायला लावा.

हे सगळं इतिवृत्तात लिहून ठेवा. पाहुण्यांना चहा जरूर पाजा, पण सोबत प्रश्नही विचारा. माहिती आपली आहे, तिचा उपयोग आपल्यालाही व्हायला हवा.