प्राण्यांचं अनाथालय

बालमित्रांनो, भोर-वेल्ह्याच्या रानात भेकराचं पिल्लू एकटंच बसलेलं दिसलं, तर काय कराल? उचलून घरी न्याल? थांबा! आधी ही गोष्ट ऐका.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ हेमलकसा नावाचं गाव आहे. तिथं १९७३ साली बाबा आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी 'लोक बिरादरी प्रकल्प' सुरू केला. त्यांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी तिथंच राहिले. एकदा वाटेत त्यांना शिकारी भेटले. काठीला मेलेली माकडीण आणि तिला घट्ट चिकटलेलं जिवंत पिल्लू! डॉक्टर शिकाऱ्यांवर रागावले नाहीत. पोटात भूक असली की माणूस शिकार करणारच ना! त्यांनी पिल्लू मागून घेतलं, बदल्यात धान्य दिलं. पुढं लोक पिल्लं आणून देऊ लागले. बिबटे, अस्वलं, हरणं, साप... आमट्यांच्या अंगणात सगळे आले! घरातली मुलंही त्यांच्यातच वाढली.

म्हणून तिथं कधी गेलात, तर पिंजऱ्यापाशी आरडाओरडा करू नका. तिथल्या कितीतरी पिल्लांची आई शिकारीत गेली, बरं का!

आणि आपल्या रानातलं ते पिल्लू? भेकराची मादी पिल्लाला झुडपात लपवून चरायला जाते. ती जवळच असते. आपण पिल्लू उचललं, तर आपणच त्याला अनाथ करू! शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातले प्राणी घरी पाळायला बंदी आहे. पिल्लू जखमी असेल, तर मोठ्या माणसांना सांगून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा. नाहीतर लांबूनच बघा आणि गुपचूप मागं फिरा.