मोहोळचे बी आणि आफ्रिकेची भूक

आफ्रिकेत शेतीचे नवे तंत्र गावोगाव कसे न्यावे, याचा खल आज जगभर चालू आहे. सोलापूरकरांस हा प्रश्न परका वाटू नये. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच. आणि तिचे मालदांडी ३५-१ हे वाण १९३० नंतरच्या दशकात मोहोळ येथे निवडले गेले. भाकरीची चव, गुरांस कडबा आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येणारे पीक, एवढे पारखूनच शेतकऱ्याने ते स्वीकारले. १९३३ साली सोलापुरात सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनाने ओल टिकविण्याचे उपायही सांगितले. परंतु बी पिशवीतून जाते, बांधाला मजुरी लागते, आणि शेजाऱ्याची संमतीही! पुढे उजनीचे पाणी पोहोचले तेथे ज्वारी हटून ऊस आला. उसाला कारखान्याचा दर बांधलेला. ज्वारी मात्र बहुधा बाजाराच्या लहरीवर.