पहारा आणि निद्रा

मावळांतील तिकोणा पेठ हें गांव तिकोणा ऊर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. गडावरून पवना धरणाचें पाणी, तुंग, लोहगड आणि विसापूर दृष्टीस पडतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत हे चारहि होते. परंतु गडाची खरी तटबंदी म्हणजे रात्रीं जागणारा पहारेकरी. १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसऱ्यांनीं कोंढाणा घेतला, तो रात्रींच कडा चढून. पहाऱ्यावरील माणसाचा डोळा लागला तर त्याची किंमत साऱ्या गडाला द्यावी लागते, हें मावळच्या मुलास निराळें सांगावें लागत नाहीं.

आजच्या सैन्याचाहि हाच नियम आहे. १९५० च्या लष्करी कायद्याच्या ३६ व्या कलमान्वयें पहाऱ्यावर झोंपणें हा गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असतांना चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. मग ज्याची झोंपच त्याच्या स्वाधीन नाहीं, अशा तरुणानें सैन्यांत जावें कीं न जावें?

प्रथम आळस आणि विकार यांतील भेद ओळखला पाहिजे. १८८० सालीं जेलिनो या फ्रेंच वैद्यानें ‘नार्कोलेप्सी’ हें नांव ज्या रोगास दिलें, त्यांत मनुष्यास भर दिवसा अनावर झोंप येते. पुष्कळ रोग्यांत मेंदूला जागें ठेवणारें ओरेक्सिन नामक द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, हें २००० च्या सुमारास उघड झालें. दुसऱ्या विकारांत घशाचा मार्ग मिटून झोंपेंत श्वास वारंवार अडतो. रोगी मोठ्यानें घोरतो, आणि रात्रभर निजूनहि सकाळीं थकलेलाच उठतो. तिसरा विकार झोंपेंत चालण्याचा. तो लहानपणीं पुष्कळांस असतो आणि वयांत येतांना बहुधा आपोआप जातो.

सैन्य याविषयीं कठोर कां, हें समजणें अवघड नाहीं. जेथें शेजारीं भरलेलीं शस्त्रें आहेत, तेथें झोंपेंत चालणारा मनुष्य स्वतःस आणि सोबत्यांस सारखाच धोक्याचा. श्वास अडणाऱ्या रोग्यास रात्रीं विजेवर चालणारें यंत्र लावावें लागतें. तें बर्फाळ चौकीवर कोठून चालणार? शिवाय फार उंचीवर निरोगी माणसाचाहि श्वास झोंपेंत अनियमित होतो. म्हणूनच हवाई दलाच्या वैद्यकीय निकषांत निद्रानाश, भयस्वप्नें, झोंपेंत चालणें किंवा अंथरूण ओलें होणें हीं वारंवार अथवा सतत होत असल्यास अपात्रतेचीं कारणें मानलीं आहेत. ‘वारंवार अथवा सतत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आठव्या वर्षीं दोनदा झोंपेंत उठलेला मुलगा एवढ्यानेंच निराश होण्याचें कारण नाहीं.

गांवोगांवचीं मुलें पहाटे उठून भरतीच्या सोळाशें मीटर धांवेचा सराव करतात आणि रात्रीं उशिरांपर्यंत जागतात. त्यांची दिवसाची पेंग हा बहुधा रोग नसून अपुरी झोंप असते. दोन-तीन आठवडे ठरल्या वेळीं सात-आठ तास निजून पाहावें. तरीहि पेंग जात नसेल, हंसतांना एकाएकीं गुडघे लटके पडत असतील, किंवा घरचीं माणसें श्वास थांबल्याचें सांगत असतील, तर भरतीपूर्वींच वैद्याकडे जावें. मोठ्या रुग्णालयांत रात्रभर श्वास, प्राणवायु आणि मेंदूच्या लहरी मोजून निश्चित निदान करतां येतें.

विकार लपविणें मात्र सर्वथा अनिष्ट. भरतीच्या विहित अर्जांतील प्रश्नास जाणूनबुजून खोटें उत्तर देणाऱ्यास त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमानें पांच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. त्याहून मोठी शिक्षा ही, कीं निदान न झालेला रोग एखाद्या रात्रीं पहाऱ्यावरच प्रकट व्हावा. वैद्यकीय तपासणींत अपात्र ठरलेल्या उमेदवारास फेरतपासणी मागण्याची सोय आहे. तिचा मार्ग उजळ माथ्यानें चोखाळावा.

आणि तेथेंहि नकार मिळाला, तर त्यांत शौर्याची उणीव ठरत नाहीं. गडावर पहारेकऱ्याप्रमाणें कारकून, कोठीवाला आणि सुतारहि लागत असत. आपण कोणत्या जागीं विश्वासास पात्र आहों हें प्रामाणिकपणें ओळखणें, हीहि देशसेवाच होय.