श्रावणी सोमवार, कॅज्युअल्टी

सकाळी ८. चार्ज घेतल्यावर आधी विषबाधेची ट्रॉली. अ‍ॅट्रोपिन, पॅम, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, नॅलोक्सोन. फ्रिजमध्ये सर्पदंशाचं एएसव्ही. सिस्टर मोजतात, मी एक्स्पायरी वाचते. उपनगरातल्या या पालिका रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक विषांना उताराच नसतो. सलाइन, ऑक्सिजन आणि डोळ्यांत तेल घालून बसलेली सिस्टर, यांवरच पेशंट निभावतात.

९.४०. आरेतल्या पाड्यावरची दोन भावंडं. मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्यात. "शेंगदाण्यासारख्या लागल्या," म्हणत धाकटा पुन्हा ओकतो. आजीने मिठाचं पाणी पाजलंय. आजी, ते नको हो. सलाइन, बहुतेक उद्या घरी.

११.३०. मरोळचे काका, तीन दिवसांची दाढदुखी, डोळे पिवळे. "मॅडम, साध्याच गोळ्या आहेत." टेबलावर तीन पाकिटं: दुखण्याची, तापाची, सर्दीची. तिन्हींत पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसाला फार तर चार ग्रॅम; यांची बेरीज सातावर. गोळ्या एकदम घेतल्या असत्या तर चार तासांनंतरची रक्तातली पातळी आलेखावर पाहून ठरवलं असतं. रोज थोड्या थोड्या घेतलेल्यांना तो आलेख चालत नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन लगेच सुरू. आठ तासांत मिळालं तर यकृत बहुधा वाचतंच. इथे तीन दिवस गेलेत. तरी द्यायचं.

२.१५. पूजेच्या ताटातल्या धोतऱ्याच्या बिया खाल्लेली चार वर्षांची मुलगी. अंग तापलेलं, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या. हवेतून काहीतरी वेचतेय, आईला ओळखत नाही. यावर नेमका उतारा फायझोस्टिग्मीन. आमच्या ट्रॉलीत तो नाही. शांत करणारं औषध, ओली फडकी, मॉनिटर.

६. पेस्ट कंट्रोलचं काम करणारा मुलगा. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. वॉर्डबॉय मामा आधी कपडे उतरवून अंग धुतात. मग अ‍ॅट्रोपिन, दर पाच मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत, जोडीला पॅम. हे अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यातही असतं. दुपारी पोरीला ज्याने भ्रमवलं, तेच आता याला श्वास घेऊ देतंय.

७.३०. चहा. सिस्टर जून २०१५ची मालवणी वस्तीतली घटना काढतात: मिथेनॉलची दारू, शंभरावर बळी. त्यावर उतारा इथेनॉल, म्हणजे दारूतलाच मद्यार्क. पण तोही दृष्टी जाण्याआधी मिळायला हवा.

८. चार्ज दिला. काकांचं रक्त उद्या पुन्हा तपासायचं. मुलगी अजून बडबडतेय.

वाचकहो, येताना पाकीट, बाटली किंवा झाडाची फांदी आणा, खाल्ल्याची वेळ सांगा, घरी ओकारी काढायला लावू नका. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं.