खनिज की संश्लेषित? : टू-स्ट्रोक विमान-एंजिनाच्या वंगणाचा प्रश्न

‘तेल’ या शब्दाच्या पोटात तीळ आहे. त्या अर्थाने ‘खनिज तेल’ हा प्रयोग मुळातच विसंगत. परंतु भाषेने तो असा पचवला आहे की आता तो कोणाला खटकत नाही. ‘संश्लेषित तेल’ या प्रयोगाचे तसे नाही. त्यातील संदिग्धता अजून शिल्लक आहे, आणि हलक्या विमानाच्या टू-स्ट्रोक एंजिनात कोणते तेल घालावे असा प्रश्न आला की ती केवळ शब्दापुरती राहत नाही. अशा विमानाला बहुधा एकच एंजिन असते. ते हवेत अडकले तर उतरण्याजोगे शेत शोधण्याखेरीज वैमानिकाच्या हाती काही उरत नाही.

मोटारीच्या फोर-स्ट्रोक एंजिनात तेल तळाशी साठते व पुनःपुन्हा फिरते. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलबरोबरच आत येते, क्रँककेसमधून जाताना बेअरिंगांना व पिस्टनला माखते आणि शेवटी जळून जाते. पेट्रोलपंपावर स्कूटरच्या टाकीत तेल ओतून घेणारी पिढी हे जाणते. मात्र स्कूटर थांबत-थबकत चालते. विमानाचे एंजिन पूर्ण शक्तीने चढते आणि त्यानंतरही बराच काळ मोठ्या भाराखाली राहते. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या ५८२ या सुमारे ६५ अश्वशक्तीच्या एंजिनाला पन्नास भाग पेट्रोलमागे एक भाग तेल सांगितलेले आहे, म्हणजे वीस लिटरला ४०० मिलिलिटर. एवढ्याशा तेलाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : काम होईपर्यंत त्याने उष्णतेत टिकावे, आणि काम झाल्यावर मागे काही न ठेवता जळावे.

दुसरी अपेक्षा पुरी झाली नाही तर काजळी धरते. पिस्टनवरील रिंगा आपल्या खाचांत मोकळ्या हलल्या पाहिजेत. खाचेत काजळी घट्ट झाली की रिंग चिकटते, तप्त वायू तिच्या कडेने खाली निसटतो, तेथील तेलाचा थर जळतो, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये आवळून बसतो. जड खनिज घटक असलेले तेल उष्णतेत चांगला थर देते, पण काजळीही अधिक धरते. चांगले संश्लेषित तेल स्वच्छ जळते. येथेच थांबले तर निवड सोपी वाटेल.

प्रत्यक्षात या वादाचे एरंडाचे गुऱ्हाळ झाले आहे; आणि गंमत अशी की आरंभी खरोखरच एरंडेल होते. पहिल्या महायुद्धातील नोम एंजिन टू-स्ट्रोक नव्हते, पण त्यातही इंधनाचे मिश्रण क्रँककेसमधूनच जाई. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून तेथे ते उपयोगी पडले. वनस्पतिज, खनिज, संश्लेषित ही विभागणी तेव्हा निदान उगमावरून करता येत होती. पुढे तीही धूसर झाली. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध केलेल्या तक्रारीवर १९९९ मध्ये तेथील जाहिरात-स्वनियमन यंत्रणेने निर्णय दिला, आणि हायड्रोजनच्या साह्याने खोलवर शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही ‘संश्लेषित’ म्हणण्यास वाट मिळाली. एस्टर, पॉलिआल्फाओलेफिन आणि हे शुद्ध केलेले खनिज तेल अशी तीन भिन्न स्वभावांची द्रव्ये आज एकाच विशेषणाखाली विकली जातात. तेव्हा डब्यावरील विशेषणापेक्षा त्याखालची प्रतवारी वाचणे अधिक शहाणपणाचे. रोटॅक्सला हवी असते ती ए.पी.आय. टी.सी. ही प्रत. नौकांच्या एंजिनांसाठीची टी.सी.-डब्ल्यू ३ ही प्रत निराळी. ती एंजिने तळ्याच्या किंवा समुद्राच्या थंड पाण्यावर निवतात. ५८२ हेही द्रवाने निवते, पण त्याचा द्रव बंद नळ्यांतून फिरणारा आणि चांगलाच गरम असतो. दोहोंना एकच समजणे धोक्याचे.

शिसेयुक्त विमान-पेट्रोल वापरणाऱ्यांना संश्लेषित तेलाविषयी एक जुनी धास्ती आहे. मोबिलचे पूर्णतः संश्लेषित विमान-तेल १९९० च्या दशकात मागे घ्यावे लागले, कारण शिशाचा गाळ त्याला नीट धरून ठेवता येईना. पण ती एंजिने फोर-स्ट्रोक, तेल फिरते ठेवणारी. टू-स्ट्रोकमध्ये तेल टिकतच नाही, म्हणून तो दाखला येथे जसाच्या तसा लागू करणे बरोबर नव्हे. शिसे येथे त्रास देते ते स्पार्क प्लगवर आणि रिंगांच्या खाचांत.

खनिज तेलाची खरी बाजू दिसते ती एंजिन उभे असताना. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये बाहेरची दमट हवा थेट शिरते आणि बेअरिंगे पोलादाची असतात. कोकणासारख्या किनारपट्टीवर पावसाळाभर झाकून ठेवलेल्या यंत्रात गंज चढायला तेवढे पुरते. खनिज तेल धातूला चिकटून राहते, संश्लेषित ओघळून जाते, असे अनेक यंत्रज्ञ मानतात. पॉलिआल्फाओलेफिनच्या बाबतीत यात तथ्य आहे. एस्टर धातूला धरून राहते, पण स्वतःच ओलावा शोषते. म्हणून नियमित उडणाऱ्याने स्वच्छ जळणारे संश्लेषित तेल घ्यावे आणि क्वचित उडणाऱ्याने खनिज तेलाला कमी लेखू नये, हे अधिक सयुक्तिक. दीर्घ विश्रांतीपूर्वी चालत्या एंजिनात संरक्षक तेल फवारण्याची पद्धत दोघांनीही पाळावी.

‘थोडे जास्त तेल बरे’ ही समजूत मात्र सोडून द्यावी. तेल वाढले की तेवढ्याच मिश्रणातले पेट्रोल घटते, ज्वलन विरळ होते आणि एंजिन अधिक तापते. तेलाचा प्रकार मध्येच बदलणेही निरुपद्रवी नाही : नव्या तेलातील शोधक द्रव्ये जुनी काजळी सैल करतात आणि तिचे तुकडे रिंगांखाली अडकू शकतात. खनिजाकडून संश्लेषिताकडे वळायचे असेल तर आधी सिलिंडर उतरवून पिस्टनचा माथा आणि रिंगांच्या खाचा खरवडून घ्याव्यात, टाकीतले जुने मिश्रण काढून टाकावे, आणि मगच नवा डबा उघडावा.